निहारच्या मुंजीचं मृगाजिन

टॅम्पिनीस, सिंगापूर
१४ एप्रिल २०२५

ती. ताईस सुबोधचा सा. न. वि. वि.

अण्णांना फोनवर ऐकू येत नाही आणि तू ओरडून ओरडून दमतेस, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. पत्राचा फोटो पाठवतोय, मोठा करून छापून त्यांच्या हातात दे.

कालच न्यूझीलंडहून आलो. दचकू नकोस. आमच्या साहेबांच्या भावाचं तिथे मेंढ्यांचं फार्म आहे. हरणं गवत फस्त करतात, म्हणून रीतसर परवान्याने मारतात. तांजोंग पगारच्या अख्ख्या ऑफिसातून साहेबांनी मला एकट्याला बोलावलं! पहाटे ओल्या गवतात पालथे पडून राहिलो. थंडीने बोटं वाकत नव्हती. उजाडलं तसं कुंपणापलीकडून हरीण आलं, चांगलं मोठ्या शिंगांचं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, मी श्वास रोखला आणि एका गोळीत काम फत्ते. साहेब म्हणाले, हा आता आपल्यातला झाला. माझा इथला नोकरीचा पास नूतनीकरणाला आलाय, तेव्हा या वाक्याची किंमत मलाच ठाऊक. मांस चाखलंही नाही, हे अण्णांना आवर्जून सांग.

आता गंमत ऐक. कातडं कमवायला दिलंय, महिन्याभरात घरी येईल. निहारच्या जानव्यात ओवायला मृगाजिन लागतंच ना? करंड्यातल्या त्या नखाएवढ्या तुकड्यावर किती पिढ्या भागवायचं? यंदा बापाने स्वतः मिळवलेलं अख्खं मृगाजिन!

फक्त वैशाखातला मुहूर्त तेवढा जमणार नाही. मुंजीसाठी राखलेली रजा या फेरीत संपली. दिवाळीनंतर बघू. अण्णांना तू समजावशीलच, तुला ते जमतं. अश्लेषा आणि निहारचा नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुबोध


सांगली
१९ एप्रिल २०२५

चि. सुबोध यास अनेक आशीर्वाद.

पत्र छापून अण्णांना दिलं. समजावण्याचं काम मात्र केलं नाही. शेवटचा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचला, चष्मा पुसला आणि जेवायला बसले. आमटी अळणी झाली होती, ती तशीच संपवली.

शौर्याबद्दल अभिनंदन. कुत्रं दिसलं की माझ्या दप्तरामागे लपणारा तू! हरीण मारलंस याचा मला राग नाही, त्या माणसांचं नुकसान होत असेल. राग रजेचा आहे. गेल्या वर्षी ऑडिट, त्याआधी फ्लॅट बदलायचा होता. बापासाठी कधी न मिळालेली रजा साहेबांच्या भावासाठी बरी मिळाली. मांडी घालून बसता येतंय आणि श्वास पुरतोय तोवर नातवाच्या कानात गायत्री सांगायची, एवढंच अण्णांनी मागितलं होतं. मध्येच दम लागू नये म्हणून रोज सकाळी सराव करतात. ज्याला तू नखाएवढा म्हणतोस तो तुकडा त्यांच्या मुंजीत होता, तुझ्याही. परवाच त्यांनी तो ऊन दाखवून कापसात गुंडाळला.

आधी पोटोबा मग विठोबा, हे मलाही कळतं रे. पण विठोबाची पाळी कधी येणार? मुंजीसाठी ठरवलेल्या हॉलचं आणि गुरुजींचं काय करू ते लगेच कळव. निहारला गोड पापा. रागावले तरी बहीणच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
सुलेखाताई


टॅम्पिनीस
१२ मे २०२५

ती. अण्णांच्या चरणी बालके सुबोधचा शि. सा. नमस्कार.

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. कातडं आलं. अश्लेषा ते घरात ठेवू देत नाही, म्हणून बाल्कनीत टांगलंय. निहारने नाक दाबून, इथल्या पोरांच्या भाषेत, सो स्मेली लाह, एवढंच म्हटलं आणि एमआरटीची गाडी गाठायला पळाला.

साहेबांची लंडनला बदली झाली. त्यांच्या जागी नव्या बाई आल्यात, त्यांना मी कोण हेही माहीत नाही. माझ्या पासचा कागद आता त्यांच्या टेबलावर आहे. पहाटेच्या त्या गवतात मी कशासाठी पडलो होतो, असं रोज मनात येतं. मला लाज वाटते, अण्णा.

बिनपगारी रजा मागितली आहे, वीस तारखेपासूनची. वैशाख संपण्यापूर्वीचा एखादा मुहूर्त धरा. निहारला घेऊन येतो, गायत्री तुम्हीच सांगायची. ताईचा राग घालवायचं काम तुमच्याकडे. आपली कृपादृष्टी असावी.

आपला,
सुबोध


सांगली
१६ मे २०२५

चि. सुबोध यास अनेक आशीर्वाद.

फार लिहवत नाही, म्हणून थोडक्यात. सुलेखाच्या पत्राला तुझं काहीच उत्तर वेळेत आलं नाही. हॉल आणि गुरुजी ठरलेले, ते वाया का घालवायचे? शेजारच्या अभयच्या मुलाची, अंकुरची मुंज आपल्या मुहूर्तावर लावली. त्याचे आजोबा गेल्या वर्षी गेले. अभयने मला त्यांच्या जागी बसवलं आणि गायत्रीही मलाच सांगू दिली. दम लागला नाही. पोरगा एकदाच ऐकून स्वच्छ म्हणाला.

कातडं पाठवू नकोस. आपल्या करंड्यातला तुकडा अंकुरच्या जानव्यात ओवला. दिलेला परत मागायचा नसतो.

पासचं काळजीपूर्वक बघ. सूनबाईंना आणि निहारला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ होता तसाच आहे. आता माझ्यासाठी रजा टाकू नकोस.

अण्णा