शासकीय नाही, सबब

३ मार्च, सकाळी १०.४०
आजपासून मी आपत्ती मदत निधीचा माहिती अधिकारी. वरिष्ठ लिपिक होतोच, आता टेबलावर पाटीही आली. संकल्प : अर्ज आला की त्याच दिवशी उत्तर. कारभार आरशासारखा हवा. बायकोला फोन केला. तिने विचारलं, पगार वाढला का. या घरात हुद्द्याची कदर नाही.

५ मार्च
पहिला अर्ज. नदीकाठच्या शाळेतल्या बाईंचा. प्रश्न एकच : पुरात छप्पर गेलं, तुमच्या निधीतून नवं बांधल्याचं पेपरात फोटोसकट आलं, मग ते आहे कुठे?
फाइल काढली. फाइलमध्ये फोटो आहे. छप्पर दुसऱ्याच कुठल्या शाळेचं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, फाइल मिटा.

११ मार्च
आरसा तूर्तास झाकला. साहेबांनी बजावलंय, माहिती बाहेर गेली तर नोकरी जाईल आणि सरकारी क्वार्टरही. मुलीची परीक्षा तोंडावर. रात्री दोनदा उठून क्वार्टरची कडी तपासली. घाबरलोय असं नाही. कडी सैल असावी.

१९ मार्च
सुचलं! आमचा निधी कागदोपत्री ट्रस्ट आहे. उत्तर लिहिलं : 'सदर निधी शासकीय नाही, सबब माहिती देता येत नाही.' 'सबब' या शब्दाला काय वजन आहे! साहेबांनी पाठ थोपटली. झोकात सरकारी शिक्का मारून पाठवलं.

२ एप्रिल
बाईंचं अपील. माझ्याच पत्रावरच्या शिक्क्याभोवती लाल पेनाने गोल, आणि समासात 'मग हे काय?' शिक्षकी पेशाची खोडच ती. शिक्का शिपायाने मारला असणार. सुनावणी २१ला.

१४ एप्रिल, पहाटे ५
झोप नाही. शिक्क्याचं काय सांगू? बायको म्हणाली, खरं सांगून मोकळे व्हा. म्हटलं, क्वार्टर सोडावं लागेल. ती उठून चहा टाकायला गेली. म्हणजे तिला पटलं.

२१ एप्रिल
सुनावणी. सांगितलं, इमारत सरकारची, शिक्का सवयीचा, निधी मात्र शासकीय नाही. अपील अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि कर्मचारी? अपील हातचं जातंय असं वाटलं. छाती पुढे काढून म्हणालो, तेही नाहीत. लिहून द्याल? दिलं. सहीनिशी.
अपील फेटाळलं!! जिंकलो.
बाहेर बाई म्हणाल्या, पाऊस आला की चार वर्ग एका व्हरांड्यात उभे करते, बसायला जागा नसते. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

९ मे
सरकारी पत्र. 'आपल्याच लेखी निवेदनानुसार आपण शासकीय कर्मचारी नाही, सबब क्वार्टर तीस दिवसांत रिकामं करावं. निधीही शासकीय नाही, सबब माहिती अधिकारी हे पद रद्द. नोकरीबाबत ट्रस्टशी बोलावं.'
मसुदा चांगला आहे. माझाच आहे.
साहेबांकडे धावलो. ते मूळ खात्यात परत गेले. इथे नुसते डेप्युटेशनवर होते म्हणे. ट्रस्टचा पत्ता शोधला. तिथे कुलूप.
बायकोला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.

१६ मे, दुपारी
बाईंच्या शाळेत गेलो. मार्गदर्शन करायला. बाई वरच्या अपिलात गेल्या आणि जिंकल्या तर निधी शासकीय ठरेल, आणि ओघाने मीही. त्यांनी सुट्टीतला जादा तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसवलं. डोक्यावर ताडपत्री.
मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. छप्पर कुठे आहे?
म्हणालो, बांधलंच नाही. फोटो दुसऱ्या शाळेचा.
एवढंच लिहून द्या, म्हणाल्या. दिलं. दोन ओळी. 'सबब' कुठे बसेना. सही केली. खाली हुद्दा लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून बसलो.
बाईंनी कागद वाचला, हुद्द्याची मोकळी जागा पाहिली. म्हणाल्या, हेच मार्चमध्ये लिहिलं असतंत तर छप्पर झालं असतं, आता तुमच्या सहीला कोण विचारतंय?