सहा नाली कुटकी आणि बाकीचा पसारा

मी, खुशालसिंह, वडील कै. दरपानसिंह बृजवाल, वय ५७ वर्षे ४ महिने, शिक्षण बी.कॉम. (अल्मोडा), राहणार मौजे सुरिंगधार, तहसील मुनस्यारी, जिल्हा पिथौरागढ, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो पाहून माझी पत्नी चंद्रा म्हणाली, "हा लग्नाआधी दाखवायचा होता." तिचे म्हणणे नोंदवून घेतले आहे.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की, येत्या २६ तारखेस हल्द्वानी येथे माझ्या हृदयाची एक झडप बदलली जाणार आहे. यापूर्वी केलेली माझी चार मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. पहिल्यात मी माझी धाकटी बहीण खीमा हिला काहीच दिले नव्हते. दुसऱ्यात शिलाई यंत्र दिले होते. ते तिचेच होते. तिसऱ्यात आणि चौथ्यात मी फक्त विरामचिन्हे सुधारली.

कलम १. राहते घर, खाली दोन व वर दोन खोल्या, पत्नी चंद्रा हिच्या हयातीत तिचे, त्यानंतर मुलगा ललित याचे. मात्र वरच्या मजल्यावरील मागची खोली, जिला गावात 'आतली खोली' म्हणतात, ती खीमाच्या हयातीत तिच्याकडेच राहील. त्या खोलीचे कारण कलम ५ मध्ये येईल. ते लिहायला मला सव्वीस वर्षे लागली आहेत, वाचणाऱ्याने थोडा धीर धरावा.

कलम २. बँकेतील व टपाल खात्यातील ठेवी पत्नीस. चंद्राचा दन, म्हणजे लोकरी गालिचे, विणण्याचा माग, लोकर व रंग ही माझी मालमत्ता नाही. तरीही मी ती मागच्या मसुद्यात तिला 'देऊन' टाकली होती. याबद्दल मागाच्या पलीकडून मला जे ऐकवण्यात आले ते कायदेशीर कागदावर लिहिण्याजोगे नाही.

कलम ३. माझी मुळे खणायची खणती, शिसवी मुठीची, शेजारी दीवानसिंह यास द्यावी. सन २०११ मध्ये ती त्याने चोरली, असे मी पंचायतीत तारीखवार लिहून दिले होते. पुढे ती माझ्याच घोड्याच्या खोगिराखाली सापडली. तेव्हापासून मी ती वापरू शकलेलो नाही, कारण वापरली तर तो पाहील. गेली बारा वर्षे मी उसन्या खणतीने खणतो. ती उसनी खणती दीवानसिंहाचीच आहे. त्याला आता दोन्ही मिळतील. साक्षीदार म्हणून तो स्वतःहून आला होता, पण ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, एवढेच सांगून मी त्याला परत पाठवले. काय मिळायचे आहे ते सांगण्याचे धैर्य झाले नाही.

कलम ४. काचेच्या पेटीतला बारीक काटा व त्याची वजने गावच्या शाळेस. मी त्याने सव्वीस वर्षे औषधे मोजली. माझी इजा, म्हणजे आई, तेच काम तीन बोटांच्या चिमटीने करी. एकदा मी तिच्या सात चिमट्या गुपचूप काट्यावर टाकून पाहिल्या. सातही सारख्या भरल्या. काटा बिघडला आहे असे समजून मी तो दुरुस्तीस पाठवला.

कलम ५. औषधाचे डबे, नग एकेचाळीस, खीमाला. या कलमात मला एक कबुली द्यायची आहे.

सन १९८७ मध्ये मी पदवी घेऊन गावी आलो तेव्हा इजाचे सगळे डबे सारखे, बिनचिठ्ठीचे होते. आसपासच्या पाच गावांची कावीळ, हिवताप आणि पोटदुखी त्या डब्यांवर निभावत होती आणि कोणत्यात काय आहे हे फक्त इजाच्या नाकाला व जिभेला ठाऊक. वाणिज्य पदवीधरास हे सहन होण्यासारखे नव्हते. वडील मेंढ्या घेऊन वर गेले होते, इजा शेतात होती. मी सगळे डबे रिकामे केले, राखेने घासले, उन्हात वाळवले, पुन्हा भरले आणि प्रत्येकावर क्रमांकासह सुवाच्य चिठ्ठी डकवली. खीमा तेव्हा अठरा वर्षांची. तिला शाळेत घातले नव्हते. इजाबरोबर बुग्यालात, वरच्या कुरणांत, हिंडून जे शिकली तेवढेच. ती दारात उभी राहून बघत होती.

"दाज्यू, चौदा नंबरात बचनाग भरलंस तू."

"चौदा नंबरावर अतीस लिहिलंय."

"लिहिलं असशील. आत बचनाग आहे."

"तुला वाचता येतं का?"

"नाही."

"मग गप बस."

लहान मुलांच्या तापाला आणि बिघडलेल्या पोटाला द्यायचे अतीस आणि माणूस आडवा करणारे बचनाग या दोन्हींच्या वाळलेल्या गाठी माझ्यासारख्याला सारख्याच दिसतात. तिसऱ्या दिवशी माझे पोट बिघडले. मी कोणासही न विचारता, चिठ्ठी नीट दोनदा वाचून, चौदा नंबरातली गाठ कुटून चिमूटभर पूड घेतली. आधी ओठ बधिर झाले, मग जीभ, मग हाताची बोटे. इजाने मला अंगणात पालथा घालून जे काही पोटात होते ते बाहेर काढले. खीमा माझे डोके धरून होती. ओकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "अक्षर मात्र छान आहे हं, दाज्यू."

इजा व खीमा चिठ्ठ्या बघतच नसत. त्या हुंगत आणि चाखत. त्या घरात चिठ्ठ्या वाचणारा मी एकटाच होतो, म्हणून विषबाधाही मला एकट्यालाच झाली.

पुढे खीमाचे लग्न झाले आणि दोन वर्षांतच ती विधवा होऊन माघारी आली. इजा गेल्यावर लोक औषधासाठी घरच्या पुरुषाकडे, म्हणजे माझ्याकडे येऊ लागले. मी दारावर पाटी लावली : वैद्य खुशालसिंह बृजवाल, बी.कॉम. मी रोग्यास चोवीस प्रश्न विचारी, उत्तरे वहीत लिहून घेई, आणि "जरा विचार करून येतो" असे सांगून आतल्या खोलीत जाई. तेथे खीमा पुडी बांधून तयार असे. मी पुडी काट्यावर घालून रोग्यास देई. सव्वीस वर्षांत मी एकही औषध स्वतः निवडलेले नाही. अतीस कोणते आणि बचनाग कोणते हे मला आजही ओळखता येत नाही. जिल्ह्याच्या वनौषधी मेळाव्यात मिळालेले मानपत्र व शाल चुकीच्या माणसाच्या अंगावर घातली गेली होती.

हे गुपित उघड करायचे म्हणून मी साक्षीदार हयातसिंह टोलिया, निवृत्त पोस्टमास्तर, यांना बोलावून दार लावून घेतले आणि हे कलम वाचून दाखवले. ते चष्मा पुसत राहिले.

"खुशालदा, यात गुपित कुठलं आहे?"

"म्हणजे?"

"आतल्या खोलीच्या खिडकीखालच्या बाकावर बसून आम्ही सगळं ऐकायचो की. तू म्हणायचास, 'कुटकी देऊ या का?' ती म्हणायची, 'वेडा झालास का, बाई पोटुशी आहे.' मग तू बाहेर येऊन सांगायचास, 'फार विचार केला, तुम्हाला कुटकी चालणार नाही.'"

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"तू इतका विचार करून बाहेर यायचास, तुझं मन कोण मोडणार?"

कलम ६. रोग्यांच्या नोंदवह्या, खंड नऊ, डब्यांबरोबरच जातील. त्यांत 'औषध कोणी दिले' या रकान्यात प्रत्येक ओळीत माझी सही आहे. गेले अकरा दिवस बसून मी ती प्रत्येक ओळ तांबड्या शाईने दुरुस्त केली असून तेथे 'खीमा' असे लिहिले आहे. खीमाने विचारले, "एवढं तांबडं काय करतोयस?" मी सांगितले, चुका सुधारतोय. ती म्हणाली, "नऊ वह्या भरून? कमालच आहे."

कलम ७. ~~मौजे सुरिंगधार येथील सहा नाली (सुमारे बारा गुंठे) शेत, ज्यात कुटकी ही काविळीवरची कडू मुळी लावलेली आहे, माझ्या मृत्यूनंतर पूर्ण मालकीहक्काने माझी बहीण खीमादेवी हिला मिळेल.~~

हे कलम खोडले आहे, पण वाचता येईल असे खोडले आहे, कारण संपूर्ण मृत्युपत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतले होते. सदर शेत माझ्या नावावर असण्याचे एकमेव कारण असे की, वडिलांनी ते घेतले त्या दिवशी मी नऊ वर्षांचा आणि मुलगा होतो. खीमा सहा वर्षांची होती आणि मुलगी होती. तीस वर्षे ते तीच कसते. बुग्यालात कुटकी विरळ होत चालली, नंदाष्टमीच्या आधी मुळांना हात लावायचा नाही ही रीत बाहेरचे लोक पाळेनात, तेव्हा तिने वरून मूठभर रोपे आणून या सहा नालीत रुजवली. पाच गावांची कावीळ आता त्या शेतावर आहे.

गेल्या वैशाखात ललित हल्द्वानीहून मोजपट्टी घेऊन आला.

"बाबू, हे नुसतं गवत आहे. इथे आठ तंबू बसतात."

"गवत नाही, कुटकी आहे."

"मग उत्तमच. पर्यटकांना दाखवू."

मी त्याला होय म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. विषयाची फाइल उघडली. त्या आठवड्यात खीमाने माझ्या चहात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ना मीठ घातले ना लोणी. मी मेलो तर शेत ललितकडे जाणार आणि श्रावणातच सपाट होणार, हे तिला फाइल न उघडता कळले होते.

म्हणून मागच्या रविवारी मी तिला चुलीपाशी बसवून हे कलम वाचून दाखवले.

"सरळ सांग, काय लिहिलंयस?"

"शेत तुझं."

"कधीपासून?"

"माझ्या मृत्यूनंतर."

तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. "म्हणजे शेत हवं असेल तर मी तू मरायची वाट बघायची? आणि तू बरा होऊन आलास तर तोंड पाडून बसायचं?"

"मृत्युपत्र असंच असतं, खिमुली. कायदाच तसा आहे."

"मग ठेव तुझ्याजवळ. तुझ्या मरणानं माझं भलं होतं, असला कागद मला नको, दाज्यू."

मी पाच मृत्युपत्रांचे मसुदे केले. जिवंत माणूसही दुसऱ्याला काही देऊ शकतो, हे मला पदवीच्या तीन वर्षांत शिकवले होते, आठवले नाही. दिनांक ९ रोजी मुनस्यारी येथे बक्षीसपत्र नोंदवून सदर शेत खीमाच्या स्वाधीन केले आहे. ललितला फोनवर कळवले. तो म्हणाला, "बुआला विचारून कडेला दोन तंबू टाकू का?" मी म्हटले, विचार. अद्याप विचारलेले नाही. तो तिला भितो.

आता या मृत्युपत्रात घर व ठेवी सोडल्या तर डबे, काटा, वह्या आणि वादातली एक खणती एवढेच उरले आहे. तरी ते मी पूर्ण करीत आहे, कारण अर्धवट कागद मला बघवत नाही.

नोंदणी करून परत आलो तेव्हा खीमा घरी न येता थेट शेतावर गेली. मी मागोमाग गेलो. ती वरच्या पट्टीत वाकून पाने उलटून बघत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ही पट्टी यंदा लावली. तीन वर्षांनी खणायची. एकटीच्यानं होणार नाही, तू लागशील."

मी म्हणालो, "तीन वर्षांचं मी आत्ताच कसं सांगू?"

"मी विचारत नाहीये. सांगतेय."

सबब हे मृत्युपत्र किमान तीन वर्षे अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. अशी तरतूद कायद्यात कोठे सापडली नाही. तरी ती येथे लेखी नमूद करून ठेवतो.

ठिकाण : सुरिंगधार
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२३

(सही) खुशालसिंह दरपानसिंह बृजवाल

वरील लेख लिहून देणाऱ्याने आम्हां दोघांदेखत सही केली व आम्ही त्याच्यादेखत केली :

१. (सही) हयातसिंह टोलिया, निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) तुलसी धर्मसत्तू, शिक्षिका, प्राथमिक शाळा, सुरिंगधार