न उडलेल्या दिवसाचा पगार

आबा, तुम्ही विमान कधी पाहिलं नाही. आता दादा विमान चालवतो. लढाईत भरती झाला, तिथंच शिकला, आणि लढाई संपल्यावर त्याच्यासारखे पुष्कळ जण एकदम मोकळे झाले. तुम्ही मोटार हाकायचात तेव्हा बीडच्या अड्ड्यावर मोटारी ओळीनं उभ्या राहत आणि ड्रायव्हर उतारूंच्या हातातलं गाठोडं धरून ओढत. तसेच आता वैमानिक कंपन्यांच्या दारात उभे आहेत, असं दादा सांगतो; फक्त यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे असतात.

गेल्या महिन्यात तो लष्करातून सुटून घरी आला होता. स्वयंपाकघरात चुलीशेजारी पाट टाकून बसला आणि भाकरी मोडता मोडता त्यानं आईला दोन नोकऱ्यांची हकीकत सांगितली. एक मुंबईच्या नव्या कंपनीची. तिथं महिन्याचा पगार नावापुरता, पण जितके तास आकाशात राहील तितक्या तासांचे पैसे निराळे, आणि ते भरपूर. दुसरी हैदराबादची. तिथं ठरीव पगार, मुंबईच्या मानानं बराच कमी, आणि काही वर्षं दुसऱ्या वैमानिकाच्या शेजारी बसून काढायची. आईनं तवा उतरवला नाही की मान वळवली नाही. जास्तीचा देतात तिकडं जायचं, त्यात इचारायचं काय, एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात शेजारचे मामा दादाला पाहायला आले. तुमच्याबरोबर अड्ड्यावर चहा घेणारे तेच मामा. आता त्यांना काठी लागते. त्यांनी बराच वेळ विमानाची माहिती ऐकून घेतली आणि मग गंभीरपणे विचारलं, "इमान मागं घेता येतंय का रं?" दादा म्हणाला, "न्हाई मामा. म्हणून तर पगार लई हाय." मामा हसले, आईही हसली. मला मात्र तुम्ही आठवलात, आणि त्या दिवसापासून तुम्हाला लिहावं असं मनात आहे.

मी मराठी चौथीत पहिली आले त्या वर्षीची गोष्ट. सरकारी शाळेत पुढचं शिक्षण उर्दूतून, तेव्हा माझी शाळा बहुधा तिथंच थांबणार असं घरात सगळे धरून चालले होते. (ती थांबली नाही. मामांकडून वह्या आणून घरी शिकले, परीक्षा दिल्या, आणि आज इथल्याच मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. पण ते पुढचं.) बक्षीस म्हणून तुम्ही मला काही विकत आणून दिलं नाहीत. उमापूरच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही मला मोटारीत तुमच्या शेजारी बसवलंत. ती जागा एरवी जमादाराची किंवा एखाद्या पाटलाची. मी धुतलेलं परकर-पोलकं घालून त्या जागेवर बसले आहे, समोरची काच धुळीनं पिवळी झाली आहे, आणि मागच्या बाकांवर बायका, कोंबड्या, मिरच्यांची पोती. तुम्ही हाकायचात त्या शेठच्या मोटारीमागं दुसऱ्या मालकाची मोटार, तिच्यामागं तिसरी. बाजाराला जी आधी पोचेल तिला परतीचे उतारू मिळत. तुम्हाला महिन्याचा पगार नव्हता. खेपेचे पैसे होते. खेप पुरी झाली तर मिळत, अर्ध्यातून मोटार फिरवली तर उतारूंचं भाडं परत करावं लागे आणि तुमच्या हाताला काही लागत नसे. हे मला तेव्हा कोणी समजावून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते आपोआप कळलं.

सिंदफणा नदीला आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी आलं होतं. त्या काळी तिथं पूल नव्हता. काठावरचे शेतकरी आपले बैल घेऊन उभे असत आणि मोटार अडली तर ओढून पलीकडं काढत. बाकीचे ड्रायव्हर नदीत नारळ टाकत आणि मोटार पाण्यात घालत. तुमची रीत निराळी होती. तुम्ही खाली उतरलात, जोडा काढलात, धोतर खोचलंत आणि पाण्यातून स्वतः चालत पलीकडं निघालात. मध्यावर थांबलात. पायानं तळ चाचपलात आणि परत आलात. मागच्या मोटारीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय बे, मोटार हाकायला आलास का पाय धुवायला?" आपल्याच मोटारीतले लोक हसले. मग तो आपल्याला वळसा घालून पाण्यात शिरला. मी पुढच्या काचेतून पाहत होते. त्याची मोटार डुलली, बैल लागले, आणि ती पलीकडं चढली. तिच्यामागं तिसरीही गेली. काही झालं नाही, आबा. कोणी वाहून गेलं नाही, चाक रुतलं नाही. आपण मात्र मोटार फिरवली.

आपले बरेचसे उतारू शिव्या देत उतरले आणि काठावर दुसऱ्या मोटारीची वाट पाहत बसले. मला शरमेनं रडू येत होतं. सगळे गेले, आपणच का थांबलो, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही मोटार परतीच्या वाटेला लावलीत. मग गाडी चालवता चालवता, माझ्याकडं न बघता म्हणालात, "शाळंत पयलं यावं. इथं पयलं यायचं न्हाई." तुमच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावर होता की त्या हसणाऱ्यांवर, हे मला आजही ठरवता येत नाही. घरी आल्यावर आईनं पिठाचा डबा तिरपा करून तळातलं पीठ काढलं आणि भाकरी थापली. तुम्ही थांबायचात त्या त्या दिवशी थांबण्याची किंमत आपल्या चुलीनं दिली, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

म्हणूनच पुढच्या वर्षीचं तुमचं वागणं मला फार दिवस कोड्यासारखं वाटत राहिलं. सरकारी मोटारी सुरू झाल्या. त्यांच्या साहेबांनी तुमचं मोटार चालवणं पाहिलं, खाकी कपडे आणि महिन्याचा बांधलेला पगार देऊ केला. आईनं गल्लीत सांगूनही टाकलं. आणि तुम्ही नाही म्हणून परत आलात. तुम्ही साहेबांना एकच गोष्ट विचारली होती, ती मामांनी नंतर मला तुमच्याच आवाजात करून दाखवली: "साब, नदी भरी तो ठैरना कौन बोलेगा?" साहेब म्हणाले, दफ्तर बोलेगा. दफ्तर, म्हणजे कचेरी, बीडला आणि नदी तिकडं. तुम्ही सलाम केलात आणि निघून आलात. वर्ष सरायच्या आत हिवतापानं गेलात, घोंगडीवर, घरात. आई अजून म्हणते, ती नोकरी घेतली असती तर मागं काही तरी राहिलं असतं. ते खोटं नाही.

दादा घरी होता त्याच दिवसांत केजहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा तिथल्या तहसील कचेरीत कारकून. माणसं वाईट नव्हती. त्यांनी मागितलेला हुंडा मुंबईच्या नोकरीतून वर्षभरात उभा राहिला असता, हैदराबादच्या पगारातून बरीच वर्षं राहिला नसता. त्यांना सून शाळेत जाणारी नको होती, हेही त्यांनी सरळ सांगितलं होतं. आईनं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. जायच्या आदल्या दिवशी दादा अंगणात माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, तू शिकलेली हायस, तू सांग. मला कोणी असं विचारत नाही. विचारलं तरी मला चारचौघांत उत्तर सुचत नाही. पण अंगणात आम्ही दोघंच होतो. मी तुमचा प्रश्न त्याला विचारला. ढग भरून आले तर उडायचं नाही, हे कोण ठरवतं?

तो आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाही. दोन्हीकडं ते वैमानिकाच्याच हातात असतं, तो म्हणाला. हैदराबादला काही वर्षं शेजारचा ठरवील, मग मी. दोन्हीकडं कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त मुंबईत न उडलेल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. मग तो म्हणाला, "मागच्या महिन्यात एक जण असाच ढगात उडाला आन् गेला. म्हातारा न्हवता. घरी पैसे धाडायचे होते त्याला." कोण, कुठला, हे मी विचारलं नाही. तू हैदराबादला जा, एवढंच म्हणाले.

आईला हे कळलं तेव्हा ती परडीतली मेथी निवडत होती. तिनं मेथी बाजूला ठेवली. "तुझ्या बापानं बांधलेला पगार सोडला," ती म्हणाली, "आन् तू पोराला बांधलेलाच घे म्हणतीस. कशापायी गं? तुला घरात लेकरंबाळं नकोत का?" मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही पगार नाकारला नव्हता. थांबायचं दुसऱ्यानं ठरवायचं, हे नाकारलं होतं. इथं ठरवणं विमान चालवणाऱ्याच्याच हाती राहतंय आणि थांबण्याची किंमत चुलीला द्यावी लागत नाही. तुम्हाला असं काही मिळालं असतं तर तुम्ही ते घेतलंच असतं. आई म्हणाली, मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं बोलणं घालू नये. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

दादा हैदराबादला रुजू झाला. केजच्या मंडळींनी दुसरीकडं सोयरीक केली. मी शाळेत जाते. वर्गात उभी राहिले की माझा आवाज निघतो. घरात आणि लग्नकार्यात तो निघत नाही, तसाच राहिला आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट त्यात लिहिता येते. दादाच्या जिवाचा विचार आधी आला आणि माझ्या लग्नाचा नंतर, असं मी आईला सांगितलं आहे. अंगणात तो माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हा माझ्या मनात आधी शाळा आली होती.