तीन दोऱ्यांची वाट

लोणी,
२१ मे २००४

चि. अक्षदास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना सांग, त्यांची बहीण या वयात कारखानदार झाली! आमच्या बचत गटाने भोसरीच्या एका बंद कारखान्यातलं जुनं जपानी ओव्हरलॉक मशीन आणलंय. कापडाच्या कडा कापत कापत शिवतं, वाऱ्यासारखं पळतं म्हणतात. म्हणतात, कारण आमच्याकडे अजून पळालेलं नाही. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते. बायका जुनं मशीन घ्यायला तयार नव्हत्या. आमचे हे गेल्यापासून गावातली शिलाई मशीनं मीच दुरुस्त करते, हेही चालू करून देईन, असा मीच शब्द दिला.

आणि आमचे धाकटे दीर गेणभाऊ, मदत म्हणून मशीन पुसायला बसले, ते आतले जुने दोरे सगळे ओढून मोकळे! अगं, जुन्या दोऱ्याला नवा बांधायचा आणि ओढायचा, एवढंच काम असतं. आता तीन दोरे कुठून कसे न्यायचे, देव जाणे. वर म्हणतात, लई घाण व्हती, वैनी.

नारायणगावच्या सायबर कॅफेत तू कामाला बसतेस, तिथे म्हणे सगळं सापडतं. मग हे शोध. मशीनचा नंबर मागे लिहिलाय. बायकांसमोर माझी लाज राख. घरी सर्वांना माझी आठवण सांग.

तुझी आत्या, अंबाबाई


वारूळवाडी,
२५ मे २००४

ती. आत्यास अक्षदाचा सा. न. वि. वि.

सापडलं! परदेशातल्या कुणीतरी अख्खी पुस्तिका इंटरनेटवर चढवून ठेवलीय. पान इतकं हळू उघडत होतं की एक गिऱ्हाईक कंटाळून उठून गेलं, मालक तापले. पण चित्र दिसायला लागलं आणि मी खुर्चीतून उभीच राहिले. तुझंच मशीन, दोऱ्यांच्या वाटेसकट! प्रिंट सोबत पाठवतेय. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी अक्षदा


लोणी,
२९ मे २००४

चि. अक्षदास आशीर्वाद.

कागद आधी कपाळाला लावला. मग उघडला आणि हसावं की रडावं कळेना. दोरे तीन आणि तिन्ही राखाडी! एकमेकांना ओलांडतात तिथे कोणता कुणीकडे गेला, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. अंदाजाने ओवले. मशीन चार बोटं शिवतं आणि तटकन दोरा तोडतं.

गटातल्या साळुबाई म्हणाल्या, जमत नसंल तर नाय म्हणा, काम मंचरच्या टेलरला देऊन टाकू. मला जेवण गोड लागत नाही. काहीतरी कर, पोरी.

तुझी आत्या


वारूळवाडी,
२ जून २००४

ती. आत्यास सा. न.

पडद्यावर दोरे रंगीत आहेत गं, आमचा प्रिंटर काळा-पांढरा! रंगीत कुठे मिळेना. मग आईच्या डब्यातली लाल, पिवळी, निळी रिळं घेतली आणि पडद्यासमोर बसून प्रिंटवरच सुईने तिन्ही दोरे शिवले. मला साधं बटण लावता येत नाही म्हणून चिडवतेस ना? बघ आता!

खाली इंग्रजीत एक सूचना आहे, ती मी आधी वाचलीच नव्हती. आधी लाल, मग पिवळा. निळा सुईचा, तो सगळ्यात शेवटी, नाहीतर तुटतो. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून कागद एसटीच्या कंडक्टरकडे देतेय. लगेच कळव, मला धीर नाही.

तुझीच अक्षदा


लोणी,
५ जून २००४

चि. अक्षदास भरभरून आशीर्वाद.

पळालं! आयुष्यभर साध्या मशीनवर काम केलेलं, त्यामुळे माझा हात आधी सुईकडेच जायचा. तुझ्या दोऱ्यांवर बोट ठेवून वाट समजून घेतली, सुई शेवटी ओवली आणि पायडल दाबलं. असं सुटलं म्हणतेस! बायका ओरडायलाच लागल्या. गेणभाऊंनी पेढे आणले.

मग मी तिन्ही दोरे पुन्हा ओढून काढले. साळुबाई किंचाळल्या, आत्ता तर चाललं व्हतं की वो! मी म्हटलं, कागद भिंतीला लावलाय, आता तुम्ही ओवा, मी हात लावणार नाही. एकदा चुकल्या, भांडल्या, कागदाशी जाऊन बोटाने वाट बघितली, पुन्हा ओवलं. आतून मशीनचा आवाज आला तेव्हा मी ओट्यावर होते. वाटलं होतं, माझ्यावाचून अडेनासं झालं की जीव खट्टू होईल. छे गं! इतका आनंद मला स्वतः दुरुस्त करूनही कधी झाला नव्हता.

आजवर गावात कुणाचंही मशीन अडलं की मला अर्ध्या चहावरून उठवून नेत. आज कप रिकामा केला आणि दुसरा मागितला.

अशीच जीव लावत राहा.

तुझी आत्या, अंबाबाई