पाचव्या इमारतीच्या गच्चीबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
संयुक्त माहिती देवाणघेवाण कक्ष,
सुरक्षा विभाग, दुसरा मजला.

विषय : माझ्या धाकट्या भावाचे नाव संशयितांच्या यादीतून काढणे, तसेच आपले नाव त्याच यादीत चढत असल्याबाबत.

संदर्भ : १) आपली गेल्या वर्षीची गोपनीय टिपणी. २) तिला दोस्त राष्ट्राचा दुजोरा. ३) दोस्त राष्ट्राचा आणखी एक दुजोरा, परवा आलेला.

महोदय,

मी आपल्या कक्षात चौदा वर्षे अनुवादक आहे. दोस्त राष्ट्राला जाणारा आणि तिकडून येणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो, हे आपण विसरलात म्हणून आठवण करून देते.

१. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. अधिकारी वसाहतीतील आपल्या चौथ्या इमारतीची लिफ्ट धोक्याची झाली होती, म्हणून त्याने तिला कुलूप घातले. त्या दिवशी आपल्याकडे पाहुणे होते. त्यांना सात मजले चढावे लागले. दुसऱ्याच दिवशी आपण टिपणी केलीत की, सदर इसम सरकारी इमारतींचे नकाशे बाळगतो व चौथ्या इमारतीच्या गच्चीवर वावरतो. अहो, लिफ्टचे यंत्र गच्चीवरच असते! ती टिपणी अनुवादासाठी माझ्याकडेच आली. मी धावत आपल्याकडे आले, तर आपण म्हणालात, नुसती विचारणा आहे, बाई, उगाच जिवाला लावून घेऊ नका.

२. अनुवाद टाइप करताना माझे डोळे भावाच्या नावावरच अडकले होते. चौथ्याऐवजी पाचवी इमारत पडली. तीन आठवड्यांनी दुजोरा आला : दोस्त राष्ट्राच्या स्वतंत्र सूत्रांनी सदर इसमास पाचव्या इमारतीच्या गच्चीवर पाहिले आहे. महोदय, वसाहतीत इमारती चारच आहेत. आपलाच कागद त्यांनी शिक्का मारून परत पाठवला, हे मी आपल्याला दाखवले. आपण हात वर केलेत. दोन देश खोटे बोलतील का, असे मलाच विचारलेत. वर नियम सांगितलात की, दुजोरा मिळालेली नोंद फक्त मूळ सही करणाराच, आपली चूक लेखी कबूल करून, मागे घेऊ शकतो. मग चहा मागवलात. एकट्यासाठी.

३. माझी भावजय दोस्त राष्ट्रात परिचारिका आहे. मुलगी तिकडेच झाली. भाऊ बारशाचे कपडे घेऊन निघाला, तर त्याला तिकडच्या विमानतळावर नऊ तास बसवून परत पाठवले. मुलगी आता रांगते. बापाने तिला अजून हातात घेतलेले नाही, आणि ते कपडे तिला आता होणारही नाहीत. मला याचा भयंकर राग आहे.

४. शुक्रवारचा गठ्ठा आपण न वाचता सही करता. दोन महिन्यांपूर्वीच्या गठ्ठ्यात मी एक टिपणी ठेवली : सदर इसम रोज सकाळी दोस्त राष्ट्राच्या वकिलातीच्या भिंतीलगत तीन फेऱ्या मारतो, दर फेरीला थांबून वहीत आकडे लिहितो. सदर इसम म्हणजे आपण. आकडे आपल्या नाडीचे आहेत, हे कक्षात सर्वांना ठाऊक आहे. त्यात खोटी गोष्ट एकच घातली, आपल्याला दाट मिशी दिली. दोस्त राष्ट्राच्या स्वतंत्र सूत्रांनी आपल्याला मिशीसकट पाहिले आहे. विश्वासार्हता : उच्च.

५. हा सूड आहे का, असे आपल्याला वाटेल. आहे. माझी नोकरी जाईल, तेही ठाऊक आहे.

६. सदर दुजोरा नियमानुसार तीन दिवसांत वरच्या शाखेत द्यावा लागतो. उद्या तिसरा दिवस. सोमवारी आपण वार्षिक करारासाठी शिष्टमंडळ घेऊन तिकडे निघत आहात. सोबत कबुलीजबाब टाइप करून जोडला आहे : आमचेच कागद दुजोरा म्हणून परत येतात, आणि मी न तपासता ते खरे मानले. दोन्ही टिपण्यांवर सही आपलीच आहे, त्यामुळे या एका सहीने दोन्ही नावे निघतील. फक्त आपले नाव काढणारा कागद मी अनुवाद करणार नाही.

सही करायची नसेल तर आग्रह नाही. तिकडच्या विमानतळावर तिसऱ्या खिडकीमागे एक निळे बाक आहे. त्याचा डावा पाय डुगडुगतो, असे भाऊ सांगतो. आपण उजवीकडे बसावे.

उद्या दुपारी चारपर्यंत आपल्या सहीची वाट पाहणारी,

(सही)
अनुवादक, टेबल क्रमांक तीन
लिफ्टवाल्याची थोरली बहीण

दिनांक : गुरुवार

सोबत : दोन्ही दुजोरे, वसाहतीचा नकाशा (इमारती चार), आपले ओळखपत्रावरील छायाचित्र (मिशी नाही), कबुलीजबाब, सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे.