न तुटलेला खडू

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला असता तर मला उठवायला तुलाच हात द्यावा लागला असता, म्हणून कागदावरच.) तुझी पाठ कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघणाऱ्याची पाठ दुखायचीच, हे मी एकोणीस वर्षं सांगत आले आणि तू एकोणीस वर्षं 'हो, हो' म्हणत आलास. वहिनीचं रक्तदाबाचं यंत्र दुरुस्त झालं का? रक्तदाब तिचा नाही, यंत्राचाच वाढलाय, असं ती फोनवर म्हणत होती. वहिनी मला फोन करते हे तुला ठाऊक नसेल तर आता झालं. तिला काही बोलू नकोस. इकडे मी मजेत आहे आणि तुझे मेहुणे मजेपेक्षा सहा किलो जास्त आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. एक मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुला धास्ती नको. या पत्रात मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही.

तुझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलावरून मी उठले, त्याला परवा आठ महिने झाले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आपली दोन्ही घरं दातांवरच चालली, हे मी विसरलेले नाही. तू पुढच्या खोलीत काढायचास, मी मागच्या खोलीत बसवायला नवे करायचे. पण दादा, आपल्या धंद्यात चांगली कवळी कोणती, तर जी कवळी आहे हे कोणाला कळत नाही ती. म्हणजे काम जितकं चांगलं तितकं ते कमी दिसणार. सेहेचाळिसाव्या वर्षी मला वाटलं, एकदा तरी कोणीतरी माझ्या हातचं काम बघून 'वा' म्हणावं. घरी केक करतच होते, ते सजवायला शिकावं आणि त्यावरच पोट भरावं, एवढाच विचार होता. तू काय म्हणालास ते आठवतं? 'जा. टेबल कोणाला देत नाही. महिन्याभरात परत येशील.' मला त्याचा फार राग आला. दंतवैद्याची बहीण साखरेच्या धंद्यात शिरली म्हणून लोक हसतील, असंही तू वहिनीजवळ म्हणालास म्हणे. हसेनात का. हसतील त्याचे दात दिसतील, आणि त्यातले निम्मे मीच केलेले असतील.

तर शिकवणीबद्दल. वर्गात आम्ही सहा जणी. बाकीच्या पाच जणींचं वय एकत्र केलं तर माझ्या जेमतेम दुप्पट भरतं. शिकवणारी सत्तावीस वर्षांची, मोठ्या हॉटेलात काम करून आलेली. मी तिला मॅडम म्हणते, ती मला काकू म्हणते, त्यामुळे मानपान आपोआप फिटतो. पहिला धडा होता साखरेच्या मळलेल्या गोळ्यातून गुलाब करण्याचा. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. मेणात इतकी वर्षं कोरीव काम केलेलं, साखर ती काय. बाकीच्या मुली पहिल्या पाकळीशी झटत होत्या तेव्हा माझा गुलाब तयार होता. मॅडमनी तो उचलून प्रकाशात फिरवला आणि म्हणाल्या, "काकू, सुंदर आहे. पण हा चावेल असं वाटतंय." मी चष्मा लावून बघितलं. प्रत्येक पाकळीला पटाशीच्या दाताची धार होती आणि मधोमध, जिथे कळी असायला हवी, तिथे चार टेकाडांची व्यवस्थित खालची दाढ बसली होती.

दुसऱ्या आठवड्यात पांढरं आयसिंग आलं. तुला सांगायला नको, आपल्याकडे पांढराशुभ्र म्हणजे पाप. तसा दात माणसाच्या तोंडात नसतो, जाहिरातीत असतो. तेव्हा सवयीनं मी सुईच्या टोकाएवढा पिवळा आणि त्याच्या निम्मा राखाडी घातला. शेजारचे पाच केक बर्फासारखे आणि माझा एकटा मधे उभा. मॅडम म्हणाल्या, हा केक बरीच वर्षं सिगारेट ओढतोय का. (हे मी मान्य करत नाही. तो चाळिशीतल्या, चहा बेतानं पिणाऱ्या माणसाचा रंग होता.) मग कडेनं साखरेचे मोती लावायचे होते. सगळ्यांनी केकभोवती पूर्ण गोल लावले. माझा हात चौदा मोत्यांवर थांबला. वरच्या कवळीत दात चौदाच, हे हाताला पाठ. पुढे काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. आयसिंगची पिशवी मागून फुटून माझ्या कोपरापर्यंत आली तो प्रकार मी तुला सांगत नाही, कारण तो सगळ्यांनाच होतो आणि त्यात मला काही विशेष मान नाही.

हे फसलेले सगळे केक तुझ्या मेहुण्यांनी खाल्ले. टाकवत नाही म्हणाले. सुरुवातीला प्रेमानं खात होते, मग कर्तव्य म्हणून, आणि आता मी एखादा केक चांगला केला तर त्यांचा चेहरा पडतो. पण हळूहळू चांगले होऊ लागले, दादा. तिसऱ्या महिन्यात माझ्या गुलाबाच्या दाढा गेल्या. चौथ्या महिन्यात मॅडमनी माझा एक केक वर्गाच्या रस्त्याकडच्या काचेत ठेवला. मी आत टेबल पुसत होते, तर रस्त्यावरून जाणारी एक बाई पिशव्या सावरत काचेशी थांबली आणि म्हणाली, 'वा'. काचेमुळे आवाज आला नाही, फक्त ओठ दिसले, पण ओठांची हालचाल मला कोण शिकवणार. मी फडकं तोंडाला लावून रडले. फडक्याला साखर होती, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

शिकवणी संपल्यावर फाटकावर पाटी लावली. आधी छोटी कामं आली. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या नातवाचा वाढदिवस, पोस्टातल्या कारकुनाची निवृत्ती. मग गेल्या महिन्यात मोठं काम आलं. शाळेच्या जुन्या हेडबाई ऐंशी वर्षांच्या होणार होत्या आणि त्यांची मुलगी केक सांगायला आली. तीन थर, पन्नास माणसं, सगळे त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांच्यात बँकेतले मोठे साहेब, दोन डॉक्टर आणि ज्याच्या हॉलमध्ये दर आठवड्याला लग्न असतं तो मालकही. म्हणजे हा केक चांगला झाला तर माझा धंदा लागला, आणि फसला तर तू म्हणालास ते आठ महिन्यांनी का होईना खरं झालं. हेडबाईंची अट एकच होती. फुलं नकोत, फळा आणि खडू हवेत, आणि खडू अगदी खरे वाटले पाहिजेत. खरे वाटले पाहिजेत, दादा. एवढं ऐकल्यावर मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

फळा छान झाला. त्यावर मी हेडबाईंच्याच अक्षरात 'शांत बसा' असं लिहिलं. (त्यांच्या मुलीकडून जुनं प्रगतिपुस्तक मागवून अक्षर गिरवलं होतं.) आणि खडू केले चौदा. डिंक घातलेल्या साखरेचे. मॅडमनी सांगितलं होतं की एक दिवस वाळवा, पुरे. मी चार दिवस वाळवले. प्लास्टरचे साचे वाळवतो तसे, दर दोन तासांनी कूस बदलून. मग नखानं वाजवून बघितले. टण्ण असा आवाज आला आणि माझं मन भरून आलं. आपल्या धंद्यात तुटलं तर अब्रू जाते. दुसऱ्या एखाद्या धंद्यात न तुटल्यानं अब्रू जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (मॅडमनी सांगितलं होतं. मी तेव्हा खडू वाजवत होते.)

काल दुपारी समारंभ झाला. केक बघून पन्नास माणसं एकदम 'वा' म्हणाली. आठ महिने ज्याची वाट बघितली ते एका श्वासात झालं आणि मला वाटलं, आता जमलं. तेवढ्यात हेडबाई उठल्या. त्यांनी चौदातला एक खडू उचलला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं मुलांना खडू खाऊ नका म्हणून ओरडले. आज मी खाणार." सगळे हसले. त्यांनी खडू दातांत धरला आणि कडकन चावला. तो आवाज कसला हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळलं. खडू शाबूत होता. वरची कवळी मधोमध दोन तुकडे.

कवळी आपल्याच दवाखान्याची, अकरा वर्षांपूर्वीची. शेवटच्या दाढेमागे मी बारीक ठिपका ठेवते, तो मला दुरूनही दिसला. म्हणजे माझ्या नव्या कामानं माझं जुनं काम मोडलं, आता यात मी जिंकले की हरले ते तूच ठरव. हेडबाईंनी शांतपणे दोन्ही तुकडे रुमालात काढून ठेवले, खडू त्यांच्या शेजारी ठेवला आणि बोळक्या तोंडानं विचारलं, खडू कोणी केला. मी आपोआप उभी राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि ही कवळी? आता गप्प बसता आलं असतं. कवळी कोणी केली हे कोणालाच कधी माहीत नसतं, त्यावर तर माझा सगळा राग होता. पण उभी राहिलेच होते. म्हटलं, बाई, तीही मीच केली. हेडबाईंनी तुकडे रुमालासकट डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं मला वाटत होतं हे माझेच दात आहेत."

दादा, पन्नास माणसांच्या 'वा'नं झालं नाही ते मला या एका वाक्यानं झालं. मी त्या टेबलावर अदृश्य होते असं समजत होते, आणि तिकडे कोणीतरी अकरा वर्षं माझं काम आपलं म्हणून तोंडात घेऊन फिरत होतं. मग हेडबाईंनी शिक्षा सुनावली. रविवारी त्यांचं शाळेत भाषण आहे, ते त्या बोळक्या तोंडानं करणार नाहीत. शनिवार संध्याकाळपर्यंत कवळी जोडून हवी, आणि ज्यानं मोडली त्याच हातानं. शिवाय जमलेल्या सगळ्या वर्गासाठी मऊ खडू. एवढं बोलून त्यांनी हिरड्यांवर केकचे दोन तुकडे संपवले. हॉलचा मालक जाताना म्हणाला, रविवारी बाई कशा बोलतात ते बघू, मग तुमच्याशी बोलू.

तर असं सगळं. मन मोकळं करायला लिहिलं, दुसरं काही कारण नाही. कवळीची काळजी करू नकोस, तिची सोय मी केली आहे. पाठीला उशी घे. वहिनीला नमस्कार सांग आणि ते यंत्र सरळ बदलून टाक.

तुझी,
धाकटी

ता. क. सोय केली आहे म्हणजे तुझ्या मागच्या खोलीत केली आहे. उद्या आणि परवा सकाळी मला ती खोली लागेल. एक सकाळ जोडायला, एक घासून चकाकी आणायला. किल्ली दे. तू स्वतः जोडायला घेऊ नकोस, मधल्या दातांची रेघ तू नेहमी डावीकडे नेतोस.

ता. क. दुसरा. पत्र घेऊन आलेले तुझे मेहुणे पंधरा दिवस लवंग तोंडात धरून हिंडताहेत. उजवीकडची खालची शेवटची दाढ. तुला कळलं तर माझ्या धंद्याला तू हसशील म्हणून बिचाऱ्यांनी सांगितलं नाही. आधी खुर्चीत बसव, मग किल्ली हातात दे. उलट केलंस तर ते सापडणार नाहीत.

ता. क. तिसरा. माझं टेबल तू दर शनिवारी स्वतः पुसतोस आणि नव्या माणसाला बाहेरच्या बाहेर परत पाठवलंस, हे वहिनीनं सांगितलं. मी तुझ्यावर रागावले होते ते चुकलं. तू म्हणालास तशी मी परत येणार नाही, पण आठवड्यातल्या दोन सकाळी येईन म्हणते. बाकीचे दिवस केकचे. चालत असेल तर टेबलावरचे तुझे कागद उचल.

ता. क. शेवटचा. सोबतच्या डब्यातला केक तुझा. मऊ आहे, मी स्वतः चावून बघितलाय. त्यावर चौदा मोती आहेत आणि पांढरा रंग मॅडमच्या मते साफ चुकला आहे. तो तुझ्या पुढच्या दातांचा आहे. आठ महिन्यांत तुला बघितलं नाही, दातांच्या रंगांची पट्टीही तुझ्याकडेच राहिली, म्हणून आठवणीनं मिसळला. जुळतोय का ते आरशात बघून कळव. त्यासाठी तुला हसावं लागेल.