कठड्याची तार

२ नोव्हेंबर
शेवटी आज होडीवर चढले. सगळ्या बाजूंनी कठड्याला दोन तारा, एक गुडघ्याशी, एक मांडीशी. वरची धरली तर हात बाहेर पाण्यावर गेला, एवढी ढिली. हे हसले. म्हणे पावसाळाभर काठावर उभी होती, ताणायची राहिली. मला हसू आलं नाही. दसऱ्याला हे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, त्याला महिनासुद्धा नाही झाला.

४ नोव्हें.
पुन्हा तोच विषय. यांना कानाचा आजार, चक्कर केव्हाही येईल असं डॉ. माझ्यासमोर म्हणाले. यांचं उत्तर, "डॉक्टरान स्कूटर बंद केल्यान. होडीचा नाव खंय घेतल्यान?"
यांना देवगडला बहिणीकडे शिडाने जायचं आहे. जन्म जहाजांवर गेला, पण स्वतःची होडी ही पहिलीच. मी फोंड्याची. पोहता येत नाही. एकटं सोडणार नाही म्हटलं. मग तू पण चल, म्हणाले.

७ नोव्हें.
तारा बघायला पास्कू आला. यांचा जुना मित्र, मासेमारीवाला. तारेवरचं पांढरं प्लॅस्टिक त्याने चाकूने सोललं. आत सगळा गंज, बोटाने चुरा झाला. "वैनी, हेच्यार कोण टेकलो तर सरळ पाण्यात."
 बाहेरून किती पांढरी स्वच्छ दिसत होती.
यांना जुनीच आणखी थोडे दिवस चालवायची होती. नवीन आल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही, म्हटलं. शेवटी गोव्याला फोन करून मागवली.

१३ नोव्हें.
गोव्याहून नवीन तार आली. बिनप्लॅस्टिकची, आतलं सगळं दिसतं. कठड्याच्या खांबांच्या भोकांतून ओवली. पुढचं टोक स्क्रूने ताणायचं, मागचं नुसत्या बारीक दोरीने बांधायचं. माझा त्या दोरीवर विश्वास बसेना. तिथेही स्क्रू का नाही, यांना विचारलं.
"माणूस पडलो तर दोरी कापूची. तार खाली पडता, मगे त्येका भितूर घेवक येता."
"कोण कापतलो?"
"तू. आणि कोण आसा हय?"
नंतर कितीतरी वेळ कामात लक्ष लागलं नाही. जास्त ताणली तर खांब आत झुकतो, कमी ताणली तर तार लोंबते. दोन्ही बाजू मीच ताणल्या. स्क्रू सुटू नये म्हणून पिन घालून वर चिकटपट्टी. बोटं सोलली.

१६ नोव्हें.
 लिहून ठेवते.
दु. बंदरातून निघून किल्ल्याच्या पुढे गेलो. वारा बरा होता. शिडाची दोरी अडकली म्हणून सुकाणू माझ्या हातात देऊन हे पुढे गेले. मधेच थांबले. डोळे मिटलेले. हाक मारली, ओ नाही. तेवढ्यात होडी कलली आणि हे घसरत खालच्या बाजूच्या तारेवर गेले. दोन्ही तारांत अडकले, एक पाय बाहेर, पाण्यात.
मी उठले. तर यांचा आवाज, बारीक, "सुकाणू सोडू नको गो. शिडाकडे ढकल."
ढकललं. शीड फडफडायला लागलं, होडी सरळ झाली. हे हातापायांवर रांगत मागे आले. माझ्या पायाशी बसले, उलटी केली. इंजिनवर परत. सुकाणू मीच धरलं. 

१७ नोव्हें.
हे दिवसभर झोपून. काखेखाली तारेचा काळानिळा वळ. पुण्याला लेकीला, शर्वरीला, कळवायचं नाही म्हणाले. तिला फोन केला तेव्हा हवापाण्याचंच बोलले मी.
सं. मी पास्कूबरोबर होडीवर गेले. तार जशीच्या तशी. पण ज्या खांबाने यांना धरलं, त्याच्या बुडाशी डेकला तडा.

२१ नोव्हें.
तडा बुजवला. आतून जाड पत्रा लावला, पास्कू म्हणतो आता हलणार नाही. मला विचाराल तर...
चहा घेताना हे आपणहून म्हणाले, "माका भिया वाटता." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाण्याचं का, विचारलं.
"पाण्याचा नाय. घरात बसान रवण्याचा."
मला दोन्हीचं वाटतं.
उद्या वारा हलका आहे म्हणे. फक्त वेंगुर्ल्याच्या बाजूला थोडं जाऊन यायचं. "येतलंस मां?"
घावण्यांचे तांदूळ भिजत घातलेत. घावणे डब्यात भरून होडीवर न्यायचे की घरीच खायचे, यांना अजून सांगितलं नाही.